देवण्याच्या जबड्याखाली

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. बावीस वर्षं फौजेत काढली, हवालदार म्हणून घरी आलो आणि तेव्हापासून वाशीजवळच्या माळावर आमच्या सैनिकी अकादमीत पोरांवर ओरडतो आहे. पोरं तोंडावर मला उस्ताद म्हणतात. पाठीमागं काय म्हणतात तेही ठाऊक आहे, आणि ते काही फार खोटं नाही.

अकादमीच्या मैदानात ब्राँझचा एक देवणी जातीचा वळू उभा आहे. पोरांच्या बनियनवर छापलेला असतो तोच. सगळे त्याला देवण्या म्हणतात. अकादमी काढणारे सुभेदार उमाशंकर साहेब मोठे हौशी होते. देवण्यानं मान पुढं काढलेली आहे, जबडा ओट्याच्या बाहेर आलेला आहे, आणि जबड्यापासून जमिनीपर्यंतचं अंतर फौजेच्या भरतीला लागतं तेवढंच, एकशे अडुसष्ट सेंटिमीटर. ते जुळावं म्हणून साहेबांनी ओटा दोनदा फोडून बांधायला लावला होता. नवं पोरगं आलं की त्याला जबड्याखाली उभं करायचं. केस टेकले तर पोरगं आमचं. नाही टेकले तर चहा पाजून एस.टी.त बसवून द्यायचं. साहेब गेले, अकादमी माझ्या गळ्यात पडली, पण ही रीत मी मोडली नाही.

कृष्णराज ईट गावचा. पहिल्यांदा आला तेव्हा त्याचं डोकं आणि देवण्याचा जबडा यांच्यामध्ये माझी तीन बोटं गेली. मी म्हणालो, "घरी जा." तो गेला आणि आठ महिन्यांनी परत आला. तेवढे दिवस रोज दोन वेळा चिंचेच्या फांदीला लोंबकळत होता म्हणे. तळहातांना घट्टे पडले होते. जबड्याखाली उभा राहिला आणि केस टेकले. टेकले कसले, चांगले दाबले गेले! मैदानावर एकच गलका झाला. त्याची आई कडूबाई सोबत आली होती. तिनं देवण्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटले. मी बाकीच्यांना म्हणालो, "बघा रे, याला म्हणतात जिद्द." पुढं वर्षभर प्रत्येक नव्या पोराला मी हीच गोष्ट ऐकवली.

त्याच आठवड्यात कृष्णराजनं एका कागदावर सही केली. त्याचे वडील सरकारी नोकरीत असताना वारले होते आणि त्यांच्या जागी घरातल्या एकाला घेणार होते. नाव कृष्णराजचं होतं. त्यानं हक्क थोरल्या भावाला सोडला. "म्या तर फौजेत चाललोय, उस्ताद," म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली. भाऊ नोकरीला लागला आणि बायको-पोरांना घेऊन सोलापूरला राहायला गेला.

पोरगं पळायचं मात्र असं, की मी घड्याळाकडं बघायचंच विसरायचो. यंदा लेखी परीक्षेतही पास झाला. वयाच्या हिशोबानं ही शेवटचीच भरती होती, त्यामुळं तो निघाला त्या सकाळी मला घास गेला नाही.

तो परत आला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. कडूबाई पिशवी घेऊन फाटकाजवळच्या लिंबाखाली बसली आणि हा एकटाच माझ्याकडं चालत आला.

"पळूच दिलं न्हाय, उस्ताद. आधी उंची मोजत्यात. एकशे साडेत्रेसष्ट भरली. पुन्यांदा मोजा म्हणलं, मोजली. तेवढीच भरली."

मी भडकलो. गेल्या वर्षी आमचे दोघं उंचीत बाद झाले होते, तेव्हा वाकून उभे राहिला असाल म्हणून मी त्यांनाच झापलं होतं. आता त्या मोजणाऱ्यांचा राग आला. म्हणालो, "चल. देवण्याखाली उभा राहा बघू."

तो उभा राहिला. केस टेकले. मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं. "उद्याच फेरमोजणीचा अर्ज करू," मी म्हणालो. "त्यांची मोजणी चुकली आहे."

तो खाली पायांकडं बघत होता.

"उस्ताद, हे ब्लॉक कवा बसवले?"

पावसाळ्यात देवण्यापुढं चिखल व्हायचा. पोरं तसेच चिखलाचे पाय घेऊन खोल्यांत जायची आणि मी ओरडायचो. शेवटी मीच ब्लॉक बसवून घेतले. खाली वाळूचा थर, वर सिमेंटचे ब्लॉक. केवढं शोभिवंत काम झालं म्हणून मिरवलोही होतो.

"तू ते आठ महिने घरी होतास तेव्हा," मी म्हणालो.

खोलीतून टेप आणली. एक टोक त्यानं जबड्याला धरलं. दुसरं मी ब्लॉकवर टेकवलं. एकशे बासष्ट. मी पुन्हा मोजलं. ते काही बदललं नाही.

"मंग म्या वाढलोच न्हवतो," तो म्हणाला.

त्यानं मला शिवी द्यायला हवी होती. एक कानाखाली लगावली असती तर मी खाली मान घालून खाल्ली असती. मी बावळटासारखं विचारलं, "पोलीस भरती बघायची का?"

"तिथं एकशे पासष्ट लागतीय."

मला ते माहीत नव्हतं थोडंच! भावाच्या नोकरीचं विचारायची तर छातीच झाली नाही. सही केलेला कागद परत मागता येत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

"मी आईला सांगतो," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तिला माझ्या तोंडून कळू दे."

"नगा सांगू." पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "सही करू नगंस म्हणून ती दोन दिस जेवली न्हवती. म्याच म्हणलं, आई, देवण्या काय खोटं बोलंल व्हय? आता तिला हे कळलं तर ती जगायची न्हाय. मोजणाऱ्यांनी डाव केला, असंच वाटू द्या तिला."

आम्ही फाटकाकडं चालत गेलो. कडूबाई पदर सावरत उठली. पोराच्या तोंडाकडं एकदा बघून घेतलं, मग माझ्याकडं. मी तोंड उघडलं. कृष्णराज माझ्याकडंच बघत होता. मी ते पुन्हा मिटलं.

"नशिबात न्हवतं, उस्ताद," ती म्हणाली. "त्या लोकांनी डाव साधला माझ्या लेकरावर. पर तुमी लई केलं त्याच्यासाठी. तुमचे उपकार न्हाय फिटायचे."

आणि ती वाकली. लेक तिच्या शेजारी उभा होता, आणि मी पाय मागं घेतले नाहीत.