गुरुजींचा चिंचोका

“गुरुजी, पाढे सोडून ही मडकी कसली मांडलीत?” भिवाजी पाटलांनी शाळेच्या खिडकीतूनच विचारलं.

“निवडणूक आहे, पाटील. घंटा कुणी वाजवायची, ते आज पोरं ठरवणार.”

“त्यात ठरवायचं काय? मी वाजवली, आता आमचा पोपट वाजवील.”

“म्हणून तर!” आबाजी गुरुजी हसले. “राज्य आपलं झालं. उद्या मत मागायला तुम्हालाही जिजाच्या झोपडीत वाकून शिरावं लागेल.”

जिजा म्हणजे पाटलांच्या दारी मोळी टाकणारी ठाकरीण. तिची लेक पारू पोपटाविरुद्ध उभी होती. डोंगरावरच्या ठाकरवाडीची पोरं आज शाळेत, तर उद्या रानात. पारूच्या हाती घंटा आली तर तिच्यामागून तीही टिकतील, ही गुरुजींची आस. ज्या तोंडानं शाळेच्या प्रार्थनेत वर्षानुवर्षं इंग्रज बादशहाला आयुष्य मागितलं, त्याच तोंडानं मताचं मोल सांगताना त्यांचं त्यांनाच हसू येई.

फळ्याआड दोन मडकी. हळदीचं बोट लावलेलं पोपटाचं, कोळशाचं पारूचं. एकेकानं जाऊन एकच चिंचोका टाकायचा. कुणाला टाकला, ते कुणी विचारायचं नाही.

पोपट एका चिंचोक्यानं निवडून आला.

“बगा!” पाटलांचा हात मिशीवर गेला.

गुरुजींना पटेना. वाडीवरची झाडून सगळी पोरं हजर होती, गावातल्या पोरांपेक्षा एकानं जास्तच. पण जिभेवर आलेला प्रश्न त्यांनी गिळला. नियम त्यांचाच होता. पारूच आपणहून बोलली.

“मी पोपटाच्यात टाकला, गुरुजी.”

“अगं, का?”

“सोताच्यात कसा टाकायचा? वाडनाऱ्यानं आदी आपलंच पान भरल्यागत दिसंल.”

वर्ग हसला. पोपटानं मात्र मान खाली घातली.

“मी टाकला माज्यात,” तो पुटपुटला. “बा म्हनला व्हता.”

मिशीवरचा हात खाली आला.

“पुन्हा घेऊ,” गुरुजी घाईनं म्हणाले. “स्वतःला मत देता येतं, हे सांगायचं माझंच राहिलं.”

“नको. निकाल लागला की रुसायचं नाय, तुमीच म्हनलात ना?” पारू पोपटाकडं वळली. “पन घंटा येळेवर वाजव रं. आमाला डोंगर चडायचा असतो.”

“उद्या येशील ना गं?” गुरुजींनी हळूच विचारलं.

“येनार की! ह्यो नीट वाजवतो का, ते बगाया नको?”

शाळा सुटली. आंब्याला टांगलेला रुळाचा तुकडा पोपटानं जीव खाऊन बडवला. पोरं पांगली. मडकी पुन्हा फळ्याआड ठेवून वर्ग आवरताना गुरुजींच्या हाताला खिशात उरलेला एक चिंचोका लागला. उभ्या हयातीत मत द्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

त्यांनी दार लोटलं, टोपी सारखी केली आणि फळ्याआड गेले.

टक्क असा आवाज झाला.

कुठल्या मडक्यात, ते त्यांनी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.