पाचवा दात

घरात एकुलती एक असूनही तिला सगळे धाकटी म्हणत, कारण थोरली एक गोगलगाय होती.

धाकटीच्या जन्माच्या आदल्याच वर्षी वडिलांनी चुनखडीच्या एका डोंगराच्या कपारीतली माती पोत्यात भरून आणली होती. ती वाळवली, चाळली, पाण्यात सोडली आणि वर तरंगून आलेल्या काडीकचऱ्यातून मोहरीपेक्षा थोडा मोठा एक शंख वेचून काढला. जगात कुणी न पाहिलेली जात म्हणून त्याचं वर्णन छापून आणलं आणि त्या जातीला बायकोचं नाव दिलं. आई शाईने काढलेलं त्या शंखाचं चित्र बैठकीत लावून रोज पुसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "माझ्या नावाची जात आहे जगात! हिच्या तोंडात पाच दात. बाकीच्या भावंडांना चारच." मग धाकटीकडे हात करून म्हणायची, "आणि ही धाकटी."

मोठेपणी धाकटीने वडिलांचाच धंदा उचलला. ते निवृत्त झाल्यावर संग्रहालयातली त्यांची खोलीही तिला मिळाली. इवल्याशा शंखांनी भरलेल्या काचेच्या नळ्या, खिडकीशी दोन मायक्रोस्कोप, आणि एक खुर्ची, जी वडिलांच्या वजनाने एका बाजूला कलली होती. धाकटीने पहिल्याच आठवड्यात ती खुर्ची बदलून घेतली. वडिलांना कळलं तेव्हा म्हणाले, "वा! अजून मी मेलो नाही म्हटलं."

दोघांचं कधी पटलंच नव्हतं. तिने काही नवं सांगितलं की ते म्हणत, "विदुषी बोलल्या." त्यांनी काही सांगितलं की ती ते हटकून तपासून बघे.

अशीच तपासातपास करताना तिने परदेशातल्या एका संग्रहालयातून फार जुना नमुना मागवला. वडिलांच्याही कितीतरी आधी कुणीतरी वर्णन केलेली, चार दातांची जात. शंखाच्या तोंडात वाळका चिखल बसला होता. धाकटीने तो भिजवला आणि एकाच केसाच्या ब्रशने कण न् कण उकरून काढला. चिखलाच्या मागे, घशात खोल, पाचवा दात, म्हणजे कवचाचाच इवलासा उंचवटा, उभा होता.

बाकी सगळं तर जुळतच होतं. शेवटचा वेढा तसाच उलटा वर वळलेला, तोंड तसंच आभाळाकडे. दोन्ही जाती एकच होत्या. आणि या धंद्यातला नियम साधा आहे. आधी दिलेलं नाव राहतं, नंतरचं बुडतं.

तिने हे आईवडिलांकडे जेवायच्या टेबलावर सांगितलं. दुसरी जागा तिला सापडली असती, पण तिने शोधली नाही.

"ओरखडा असेल," वडील ताटातून मान वर न करता म्हणाले. "तुझा हात जड आहे."

"ओरखडा आत जातो बाबा, वर उभा राहत नाही."

"थांबा जरा," आई म्हणाली. "म्हणजे नक्की काय होणार?"

"एक नाव जाईल."

"कुणाचं?"

"तुझं."

आईने हातातला डाव भांड्यात टाकला. "जन्म दिला, शिकवलं, ते आईचं नाव पुसायला? शत्रू बरा गं तुझ्यापेक्षा!"

"आई, हे माझ्या मनावर नसतं."

"तुझ्याच मनावर आहे. त्या चिखलात काय तुझं सोनं पुरलं होतं?"

चार दिवसांनी संचालकांनी धाकटीला बोलावलं. गृहस्थ सज्जन होते आणि भांडणाला घाबरत. टेबलावरचा कागद त्यांनी दोन बोटांनी तिच्याकडे सरकवला. "सरांची तक्रार आहे. उसना आणलेला मूळ नमुना तुम्ही साफ करताना खराब केलात, असं त्यांचं म्हणणं."

धाकटीच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. असा डाग लागला की जगातलं कुठलंही संग्रहालय तिला पुन्हा एक शंख पाठवणार नव्हतं. हे वडिलांइतकं चांगलं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"दोन्ही नमुने शेजारी लावू," ती म्हणाली. "त्यांना बोलवा. तुमच्यासमोर बघू देत."

वडील आले ते आईला घेऊन. आईने ठेवणीतले कपडे घातले होते. धाकटीच्या नमस्काराकडे तिने पाहिलंदेखील नाही.

डावीकडच्या मायक्रोस्कोपखाली जुना शंख होता, उजवीकडे वडिलांचा. वडील डावीकडे वाकले आणि लगेच उठले. "ओरखडा," ते म्हणाले.

धाकटी त्यांच्या बोटांकडे बघत होती. जन्मभर या माणसाने आधी स्क्रू फिरवून नजर जुळवल्याशिवाय कधी काही पाहिलं नव्हतं. आज त्यांनी स्क्रूला हातही लावला नाही. त्यांनी बघितलंच नव्हतं. बघायची गरजच नव्हती त्यांना.

"मला बघू द्या की," आई म्हणाली आणि जवळची म्हणून डावीकडच्याच खुर्चीत बसली. संचालकांनी लगबगीने स्क्रू कसा फिरवायचा ते दाखवलं. आईने एक डोळा मिटला, मग दुसरा, मग दोन्ही उघडे ठेवून बघू लागली. तिचा चेहरा हळूहळू सैल झाला.

"अगं बाई! अगदी चित्रातल्यासारखी. तोंड बघा कसं वर केलंय, भांडायला आल्यासारखं." ती बोटावर मोजू लागली. "एक, दोन... तीन, चार. आणि हा आतला, लपून बसलेला. पाच! अहो, हीच ती. ही माझीच."

संचालक खाकरले. "वहिनी, तुमची त्या बाजूला आहे. ही जुनी."

आईने डोळे वर केले. उजवीकडच्या मायक्रोस्कोपकडे पाहिलं, पण ती तिकडे गेली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांची नजर खिडकीबाहेर होती.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"परदेशी गेलो होतो तेव्हा तिथे पाहिला होता हा शंख," वडील म्हणाले. "शंका आली होती. तोंडात चिखल होता. मी काढला नाही."

"का?"

"काढला असता तर दात दिसला असता."

धाकटीला वाटलं, आता आई त्यांच्यावर तुटून पडेल. आई उठली, पदर-पिशवी सावरल्यासारखे हात उगाच अंगावरून फिरवले आणि वळली ती धाकटीकडे.

"यांनी निदान चिखल राहू दिला," ती म्हणाली. "तुला तेवढंही जमलं नाही."

"आई, ते खोटं होतं!"

"खरं-खोटं तुम्हा दोघांचं. तुमची पुस्तकं, तुमच्या खुर्च्या, तुमची भांडणं. माझं त्यात फक्त नाव होतं."

ती एकटीच जिना उतरून गेली. वडिलांनी तिथल्याच कागदावर एका ओळीत तक्रार मागे घेतली. माफी वगैरे काही नाही. दारातून जाताना धाकटीच्या कानाशी येऊन म्हणाले, "अखेर थोरलीचा काटा काढलास. झालं समाधान?"

"झालं," धाकटी म्हणाली. आणि तो राग नव्हता, खरंच झालं होतं. लहानपणापासून त्या चित्राखाली बसून तिने जे काही गिळलं होतं, ते एकदाचं खाली उतरलं होतं. याची लाज तिला पुढे बऱ्याच उशिराने वाटली, आणि तीही थोडीशीच.

तिचा लेख छापून आला. आईचं नाव बारीक टायपात, बुडालेल्या नावांच्या रांगेत गेलं. आईने फोन उचलणं बंद केलं.

पुढच्या उन्हाळ्यात धाकटीला दुसऱ्या एका चुनखडीच्या टेकडीवर एक शंख मिळाला. सगळीकडून नमुने मागवून, उलटसुलट ताडून पाहिल्यावर तिची खात्री पटली, की ही जात खरोखर नवी आहे. त्या आनंदात ती न कळवता घरी गेली.

दार वडिलांनी उघडलं, पण उंबऱ्यातून बाजूला झाले नाहीत. "आई झोपलीय," ते म्हणाले. आतून आईचा शेजारणीशी बोलतानाचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता.

"नवी जात सापडली," धाकटी म्हणाली.

वडिलांनी मागे वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "दात किती?"

"सात."

"वर तीन, खाली चार?"

"उलट."

"उलट?" त्यांची भुवई चढली. काही विचारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात आतून आई म्हणाली, "कोण आलंय हो?"

"कुणी नाही," वडील म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.