पैलवानाचं दार

तिने गुडघ्यावर बसून नव्या लाकडी घराच्या दाराचा रबराचा पडदा वर धरला, तर पैलवान आत जायचं सोडून पडद्यालाच हुंगत उभा राहिला. पन्नास किलोचं कासव ते. मनात आल्याशिवाय तसूभर हलायचं नाही.

मागे बाबा हाताची घडी घालून उभे होते. सुतारखाना लेकीच्या हाती सोपवून तीन वर्षं झाली, पण कौतुकाचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ. तयार झालेल्या वस्तूच्या आतल्या अंगाला उस्तादाने पेन्सिलीने सही करायची, ही तिथली रीत. तिने केलेल्या कपाटांवरही सही अजून बाबांचीच असे.

"भिंतीत काय घातलंस?"

"दोन्हीकडून प्लाय, मध्ये थर्माकोल. हीटर वर, जाळीच्या आड."

"ढकलून देईल तो."

"ढकलू दे की. चौकट जमिनीत बोल्टने आवळलीय."

पैलवानाचं हिवाळ्यातलं जुनं घर बाबांनी बांधलं होतं. त्याच्या दारातून जाता-येता पैलवानाची पाठ खर्र करून घासायची. सात हिवाळे घासून कवचावर पांढरट पट्टा पडला होता. घरात सगळ्यांना तो दिसायचा. बोलायची कुणाची छाती नव्हती. नव्या घरात तोच आवाज आला, तर आपण तोंड कुठे लपवायचं, या धास्तीने तिला रात्रभर झोप नव्हती.

शेवटी पैलवानाने पाय उचलले. डोकं आत गेलं, मग खांदे, मग पाठीचा उंचवटा. दोघांनीही कान टवकारले. रबराची सळसळ तेवढी झाली. वरच्या फळीखाली चार बोटं जागा उरली होती.

बाबा खाली बसले आणि त्याच्या मागोमाग रांगत आत शिरले.

"अहो बाबा, गुडघे!"

"गुडघे माझे आहेत."

आतून ठकठक ऐकू आली. एकेक भिंत, मग छत.

"माप कधी घेतलंस त्याचं?"

"चालताना. पुढे कोबीचं पान धरून."



"मी बसलेल्याचं घेतलं होतं," बाबा म्हणाले. "पाय आत ओढून बसला होता. उभा राहिला की चार बोटं वाढतो, हे पुढे कळलं."

सात वर्षांत ते हे पहिल्यांदाच बोलले होते. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि डोळेही भरून आले. पडद्याखालून बाबांचा हात बाहेर आला. हातात पेन्सिलीचा तुकडा होता.

"झाली सही?" तिने विचारलं.

"माझी कशाला? काम कुणाचंय? ये आत, जागा आहे."

ती रांगत आत गेली. पैलवान हीटरखाली पसरला होता आणि बाबा त्याला टेकून बसले होते. तिने पेन्सिल फळीवर टेकवली आणि थबकली. आपली सही कशी करायची, हे तिने कधी ठरवलंच नव्हतं.

मग केली. जरा मोठीच केली.