टाईट केलेलं हँडल

नंदू परबला ढिलं काही म्हणून खपत नसे. पंखा कुरकुरला की तो पाना घेऊन स्टुलावर चढे. नळ ठिबकू लागला की तो इतका पिळे की शेवटी आटेच जात, मग प्लंबरला बोलावून हल्लीच्या मालाला कशी नावं ठेवावीत हे त्याला समजावून सांगे. ‘माझ्या डोक्यातला एक नट सोडून मी जगातलं सगळं टाईट करून ठेवलं होतं,’ असं पुढे तो स्वतःच सांगायचा, आणि ऐकणारा हसायच्या आत आपण हसून घ्यायचा.

मुलुंडमध्ये सोसायट्यांची झाडं छाटायचं त्याचं काम होतं. मेव्हणा नितेश छोटी मशीन घेऊन झाडावर चढे आणि फांद्या उतरवी. खाली पडलेले ओंडके, बुंधे नंदूकडे. त्यासाठी त्याच्याजवळ मोठा कटर होता, म्हणजे साखळीने कापणारी पेट्रोलची करवत. तो सुरू झाला की सोसायटीतली सगळी बाळं एकदम रडत, आणि नंदूला ती आपल्या कामाची पावती वाटे.

या कटरचं हँडल एकाएकी डुगडुगायला लागलं. इंजिन एकीकडे, हँडल दुसरीकडे. नंदूने खोलून बघितलं, तर दोघांच्या मध्ये रबराचे बुश, म्हणजे जाड कड्या. तेल पिऊन मऊ झालेले.

“रबर? एवढ्या दांडग्या मशीनमध्ये रबर?” तो नितेशवर ओरडला, जणू नितेशनेच ते रात्री गुपचूप बसवलं होतं. “कंपनीवाले लुटतात रे आपल्याला.”

तसाच तो घाटकोपरला एका लेथवाल्याकडे गेला आणि त्याच मापाचे लोखंडी बुश करून आणले. पिळून बसवले. हँडल आता जराही हलेना. नंदूने ते दोन्ही हातांनी हलवून दाखवलं, बायकोला, विमलाला दाखवलं, वॉचमनला दाखवलं. “झकास! विलायती इंजिनिअरला जमलं नाही ते परबाने केलं.” नितेशने कटर एकदा चालवून बघितला, खाली ठेवला आणि म्हणाला, “भावोजी, माझे दात वाजले. मी माझ्या छोट्यावरच बरा.” नंदूने त्याला आजकालची पिढी म्हटलं.

मग कटर एकेक अवयव टाकू लागला. आधी सायलेन्सरचा स्क्रू गेला. नंदूने दुसरा घट्ट बसवला, तोही गेला. मग फिल्टरचं झाकण उडून सेक्रेटरीच्या गाडीच्या टपावर जाऊन पडलं. त्यानंतर पेट्रोलच्या टाकीलाच चीर गेली. नंदू दर वेळी काहीतरी आणखी टाईट करी, आणि ते टाईट केलेलं जास्तच लवकर मोडे. “माल हलका आलाय,” तो सगळ्यांना सांगे. माल कोणी हलका केला, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नाही.

बोटांचं असंच झालं. सकाळी उठला की उजव्या हाताची बोटं सोललेल्या कोलंबीसारखी पांढरी दिसत. शर्टाचं बटण लागेना. त्याने वाताला दोष दिला, गादीला दिला, विमलाच्या सोलकढीलासुद्धा दिला. विमला रोज खोबरेल चोळायची आणि विचारायची, “त्या मशीनमुळे तर नसेल?” यावर नंदू फक्त नाकातून हसायचा.

एका रविवारी बांगड्याचं तिखलं होतं. मालवणी माणूस मासा डोळ्यांनी खात नाही, बोटांनी खातो. टीव्हीकडे बघत, गप्पा मारत घास कालवतो आणि काटा आपोआप बाजूला निघतो. त्या दिवशी तो निघाला नाही. नंदूच्या घशात रुतला. सुक्या भाताचे गोळे आणि केळी खाऊन काटा खाली उतरेपर्यंत नंदूला सगळे देव आठवले. मग त्याने ताटातला बांगडा पुन्हा चाचपून बघितला. चिंधी चाचपावी तसं वाटलं. कुठे मांस, कुठे काटा, बोटांना काही पत्ताच नव्हता.

तेव्हापासून विमला त्याला काटे काढून देऊ लागली. तो भिंतीकडे तोंड करून जेवायचा. शेजाऱ्यांना कळता कामा नये आणि मुलीला, श्रुतिकाला तर नाहीच, असं त्याने विमलाला बजावून ठेवलं. घाम गाळून मुलीला वाढवलेला बाप, आणि आता त्याला भरवावं लागतंय! लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

त्यात श्रुतिकाचं जमलं. मुलगा निमेश, अंधेरीला तिच्याच ऑफिसात. घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, वडील भिकाजी यांची स्वतःची बोट. त्यांनी परबांना जेवायला बोलावलं. बायका आत स्वयंपाकघरात बसल्या, त्यामुळे काटे काढणारी विमलाही आतच अडकली. निमेशची आई कमळ हिने नंदूच्या ताटात करली वाढली. करली म्हणजे मासा कमी आणि काटे जास्त.

“पापलेट कोणी पण खाते,” भिकाजी मोठ्या खुशीत म्हणाले. “परब, तुमी मालवणी, म्हणून खास तुमच्यासाठी करली ठेवली.”

नंदू ताटाकडे बघत राहिला. घशाला आधीच काटा टोचल्यासारखं झालं. आणि तो म्हणाला, “मी मासे सोडलेत.”

कमळचा डाव हवेतच राहिला.

“कधीपासून?” भिकाजींनी विचारलं.

“आजपासून,” नंदूच्या तोंडून गेलं. मुंबईत इतकी उत्तरं पडलेली असताना याच्या हाताला नेमकं हेच लागलं.

“आज. आमच्या घरात पाय ठेवल्यावर?” भिकाजी शांतपणे म्हणाले. “आमचं म्हावरं नको, असं सरळ बोला ना.” बाकीचं जेवण वरणभातावरच झालं.

दुसऱ्या दिवशी श्रुतिका रडतच घरी आली. “पप्पा, त्यांना वाटलं तुम्हाला त्यांच्या हातचं चालत नाही. निमेशचे बाबा म्हणाले, ज्यांना आमच्या माशाचा वास येतो त्यांची मुलगी इथे सुखाने कशी राहील? नको हे लग्न, म्हणाले.” खरं सांगायचं म्हणजे हात गेल्याचं सांगायचं. त्यापेक्षा मी सोवळा झालोय असं जगाला वाटलेलं बरं, इतकी नंदूची अक्कल तेव्हा शाबूत होती.

त्याच आठवड्यात विमला खोबरं वाटत होती आणि मिक्सर ओट्यावरून चालत चालत सिंककडे निघाला. नंदू लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन धावला. “थांब गो, ओट्यालाच स्क्रूने पक्का ठोकून टाकतो.”

“म्हणजे ओटा हलवायचा?” विमलाने मिक्सर एका हाताने दाबून धरला. “अहो, ह्याच्या खालचं रबर गेलंय, म्हणून चालतोय तो. रबर हादरा खातं.”

“आणि रबर नसलं तर कोण खाणार?” नंदूने आपलं नेहमीसारखं विचारलं.

विमलाने त्याच्या हाताकडे बघितलं. नंदूनेही बघितलं. स्क्रूड्रायव्हर त्याने हळूच खिडकीत ठेवून दिला.

कटरला नवे रबरी बुश बसले. हँडल पुन्हा थोडं डुगडुगू लागलं आणि कटरने अवयव टाकणं बंद केलं. नितेश तो आनंदाने चालवू लागला. नंदूच्या नशिबी मात्र कटर उरला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं की नसांना मार बसलाय, मशीनला हात लावायचा नाही, संवेदना हळूहळू येईल किंवा येणारही नाही. नंदू खाली उभा राहून दोरी धरायचा आणि कोणी न विचारलेले सल्ले द्यायचा.

पण घरी श्रुतिका बोलत नव्हती, ते त्याच्याने सहन होईना. एका दुपारी तो एकटाच वर्सोव्याला गेला. भिकाजी ओटीवर जाळं सांधत बसले होते. त्यांनी ‘या’ म्हटलं नाही. नंदू तसाच आत जाऊन बसला आणि म्हणाला, “वहिनी, घरात करली असली तर वाढा.”

करली होती. कमळने ताट ठेवलं. भिकाजी दारात येऊन उभे राहिले. नंदूने घास कालवला, बोटं माशावरून फिरवली, पुन्हा फिरवली आणि हात ताटातच ठेवून दिला.

“मला काटे कळत नाहीत,” तो म्हणाला. “बोटं मेलीत माझी. लाज वाटली म्हणून खोटं बोललो. तुमच्या माशाचा काही दोष नाही हो.” मग त्याने सगळंच सांगून टाकलं. डुगडुगणारं हँडल, घाटकोपरचे लोखंडी बुश, सेक्रेटरीच्या गाडीवर पडलेलं झाकण. काहीच लपवलं नाही.

भिकाजी ऐकत होते. गोष्ट लोखंडी बुशापर्यंत आली आणि त्यांना हसू आवरेना. हसता हसता त्यांना ठसका लागला. “रबर काढून लोखंड? अहो, आमच्या बोटीच्या इंजिनाखाली पण रबरच हाय! तुमच्या हातात दिली असती तर एव्हाना बोट फुटून समुद्रात लाकडं तरंगली असती.”

नंदूही हसला. दुसरं काय करणार होता? पण हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला उचललेला हात मसाल्याने बरबटलेला आहे हेही त्याला कळलं नाही. डोळ्यांत तिखट गेल्यावर कळलं.

कमळने पाणी आणलं. भिकाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं.

“अहो, हे काय? तुम्ही मुलाकडचे,” नंदू गडबडला.

“गप बसा, व्याही.”

मुलाच्या बापाने करलीचा तुकडा बोटांत धरला, एकेक बारीक काटा ओढून ताटाच्या कडेला ठेवला, घास कालवला आणि ताट परत नंदूपुढे सरकवलं. मग दुसरा तुकडा घेतला. मान वर न करताच ते म्हणाले, “कमळ, भटाला तारीख काढायला सांग. यांचे हात बरे होईपर्यंत थांबलो तर पोरं म्हातारी होतील.”

नंदू मान खाली घालून जेवत राहिला. त्या दुपारी त्याने पुन्हा पुन्हा भात मागून घेतला.