बियाण्याच्या खोलीचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याच्या-त्याच्यावर विश्वास ठेवणारे कुलूप काय कामाचे?

१९८१ साली भगवंतरावांनी मला सौंसरच्या बाजारातून तिगावजवळच्या आपल्या गावी आणले. तेव्हा शेताशेतांत हायब्रीड ज्वारी आली होती आणि गावरान ज्वारी नाहीशी होत चालली होती. ती वाचवायला गावकऱ्यांनी समिती केली, घरोघरचे बी राखेत कालवून तीन मडक्यांत भरले आणि खोलीच्या दाराला मला लावले. किल्ली अध्यक्ष भगवंतराव स्वतःच्या करदोड्याला बांधत. "याच्यासारखा राखणदार नाही," असे ते चारचौघांत म्हणत, तेव्हा मी नुसता फुगून जाई.

कीड लागू नये म्हणून मडक्यांत घातलेला कडुलिंबाचा पाला बदलायला तेवढ्या गावातल्या जयवंताबाई किल्ली मागून येत. पाच वर्षे मी त्यांच्यावर डोळा ठेवला. आत जाताना ओटी भरलेली, बाहेर येतानाही भरलेली! पाल्याला एवढी ओटी कशाला लागते? बाई हात मारते आहे, अशी माझी खात्रीच पटली.

एके सकाळी भगवंतरावांनी त्यांना दारातच अडवले. "जयवंताबाई, ओटीत काय आहे वो?"

ओटीत ज्वारी निघाली. समिती गोळा झाली. कोणीतरी 'चोर' म्हणाले आणि, खोटे कशाला बोलू, मला आनंद झाला.

"चोरी नाही केली जी," बाई म्हणाल्या. "कोंडलेलं बी मरते. मी दरसाल जुनं नेऊन माह्या वावरात पेरून राहिली, अन् नवं आणून भरून राहिली. दोन मडके झाले, तिसरं राहिलं."

"मंग मले सांगितलं काऊन नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणाले, कुलूप आहे ना!"

समितीने तिन्ही मडक्यांतले मूठमूठ दाणे ओल्या पोत्यात वेगवेगळे गुंडाळले. चौथ्या दिवशी पोते उघडले. बाईंनी बदललेल्या दोन्ही मडक्यांच्या दाण्यांना पांढरे कोंब फुटले होते. तिसऱ्या मडक्याचे बी कोंब न फुटताच कुजले होते. त्यातले बी पाच वर्षे कोणी बदलले नव्हते, त्याच्यावर फक्त माझा पहारा होता.

मग बी घरोघरी पेरायला वाटले गेले. मी खुंटीवर गेलो आणि काळवंडलो. त्याचे दुःख नाही. मित्रांनो, दागदागिने खुशाल माझ्या हवाली करा, पण बी मातीच्या हवाली करा आणि ते पेरणाऱ्यावर विश्वास ठेवा. त्या दिवशी भगवंतरावांनी सगळ्यांसमोर हात जोडून जयवंताबाईंची माफी मागितली. माझ्याकडून मात्र ती मागायची राहून गेली.