बारावी मान

सरांना फक्त एक मान कमी पडत होती. छातीतून निघालेली एक मोठी धमनी क्वचित एखाद्यात गरजेपेक्षा वर चढते आणि श्वासनलिकेच्या पुढ्यातून आडवी जाते. विच्छेदनगृहात तिला ‘चुकार’ म्हणत. नऊ वर्षांत शेकडो मृतदेह उघडून सरांनी अशा अकरा माना बरण्यांत जमवल्या होत्या. बारावी मिळाली की निबंध पुरा, आणि निबंध पुरा की विभागप्रमुखाची खुर्ची.

देह धुणं, बरण्या पुसणं, त्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिणं हे तिथल्या शिपायाचं, मामांचं काम. सरांच्या विनोदांना हसणं हेही त्यातच धरलेलं.

एका दुपारी मामा म्हणाले, “सर, आमच्या हिच्या गळ्याच्या खळगीत ठोका दिसतो. बोटाला लागतो. चुकार तर नसेल?”

सरांनी चिमटा खाली ठेवला नाही. “मामा, लग्नाला वीस वर्षं होऊन तुम्ही जवळ आलात की बाईच्या गळ्यात ठोका पडतो? नशीबवान आहात.”

विद्यार्थी खो खो हसले. मामाही हसले. तपासणीसाठी सरांनी इस्पितळाला दोन ओळींची चिठ्ठी लिहायची होती, ती राहिली.

पावसाळा सरता सरता मामांच्या बायकोचा घसा सुजला, श्वास कोंडला. इस्पितळातल्या डॉक्टरने नळी घालायला गळ्याला छेद दिला. पुस्तकात त्या जागी काही नसतं. चार मिनिटांत सगळं संपलं.

तिसऱ्या दिवशी मामा देहदानाचे कागद घेऊन सरांच्या टेबलापाशी उभे राहिले.

“तुम्हाला एक कमी होती ना?”

सरांनी कागदांवर सही केली. मग म्हणाले, “मामा, रजा घ्या. बरणीवरची चिठ्ठी दुसरं कुणी लिहील.”

“माझं अक्षर बरं आहे.”

मामांनी क्रमांक घातला, वय घातलं. पुढे ‘चुकार’ लिहिलं आणि खोडलं. “चुकली नव्हती, सर. आधी सांगत होती.”

निबंध छापून आला. शेवटी अनाम देहदात्यांचे आभार होते. सरांना खुर्ची मिळाली, विद्यार्थ्यांना नवी बरणी मिळाली. त्या दुपारच्या हशाची किंमत बाईने एकदाच, पुरती भरली. मामा रोज सकाळी बारा बरण्या पुसतात, आणि अकरा झाल्या की फडकं पुन्हा धुऊन आणतात.