माझ्या पडद्यावर अडखळलेले हात

मित्रांनो, कसबा बावड्यातल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो. मी लॅपटॉप आहे आणि आता चांगलाच जुना झालो आहे. माझी एक बिजागरी ढिली आहे, चार-दोन बटणांवरची अक्षरं पुसली आहेत.

सम्राटने मला कॉलेजात असताना घेतलं, इमारतींचे नकाशे काढायला. तेव्हा माझं केवढं कौतुक! त्याचे मित्र माझ्या पडद्यावरची घरं फिरवून फिरवून बघायचे. पुढे नोकरीत त्याला नवा लॅपटॉप मिळाला आणि मी त्याच्या आईच्या, विठाबाईंच्या वाट्याला आलो. माझ्या आयुष्यातलं खरं काम तिथूनच सुरू झालं.

विठाबाईंना जन्मापासून ऐकू येत नाही. शाहूवाडीकडच्या खेड्यात दिलेली त्यांची धाकटी बहीण हौसाबाई, तिलाही येत नव्हतं. दोघी शाळेत गेल्याच नाहीत. लहानपणी दोघींनी मिळून हातांची आपली एक भाषा केली होती. घरच्यांना त्यातलं जेवण, पाणी, ये, जा एवढंच कळायचं. मनातलं बोलायचं तर एकीला दुसरीच होती.

दुपारी कामं आटोपली की हौसाबाई तिकडे व्हिडिओ कॉल लावून तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवून बसायच्या. विठाबाईंची नजर अधू, म्हणून त्यांना माझा मोठा पडदा लागायचा. मग हात असे भरभर चालायचे की बघत राहावं! कधी दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. घरात मात्र चिडीचूप असायचं.

एके दिवशी सम्राटने माझी सगळी प्रणाली नवी केली. त्याचा हेतू चांगलाच होता. पण चित्रं रंगवणारा माझ्यातला जो भाग आहे, त्याला कामाला लावणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम त्या गडबडीत गेला आणि त्या जागी कामचलाऊ आला. चित्रांचा सगळा भार माझ्या डोक्यावर पडला. पंखा घरघरू लागला, अंग तापू लागलं. पडद्यावरचे हात मध्येच थिजायचे आणि एकदम पुढे उडी मारायचे.

विठाबाईंनी सम्राटला ओढत आणलं. त्याने यशराजला, म्हणजे हौसाबाईंच्या मुलाला, व्हिडिओ कॉल लावला.

"यशराज, ऐकू येतंय काय रं?"

"व्हय दादा, खणखणीत!"

"मग झालं की! आवाज तर मस्त येतोय. नेट गंडलं असंल जरा," असं म्हणून सम्राट ऑफिसला गेला.

आवाज! मित्रांनो, त्या दोघींना आवाजाचं काय करायचं होतं?

त्याच आठवड्यात हौसाबाईंनी पोटावर हात ठेवला. जेवण झालं की त्या असाच ठेवायच्या. पण त्या दिवशी पुढे त्यांनी मूठ वळून पिळली होती. पोटात पिळवटतंय, असं त्या सांगत होत्या. ती मूठ माझ्यापर्यंत पोचली, पण पडद्यावर आलीच नाही. विठाबाईंना दिसला तो फक्त पोटावरचा हात. त्या खुदकन हसल्या आणि 'बरं झालं, पोटभर जेवलीस' अशी त्यांनी खूण केली. हौसाबाई त्या हसण्याकडे बघत राहिल्या. पुन्हा त्यांनी काही सांगितलं नाही.

शेवटी सम्राटची बायको स्नेहल, सासूला ती आत्या म्हणते, त्याला म्हणाली, "अवो, नेटचं काय घिऊन बसलाय? आत्यास्नी हात दिसाय पायजेत. तुम्ही एकदा कानात बोळं घालून हितं बसा बघू!"

सम्राट बसला. पडद्यावरचे हात थिजताना पाहून थोड्याच वेळात त्याचा चेहरा उतरला. मग त्याने माझी नीट तपासणी केली, बिघाड हुडकला, माझ्या कंपनीचा योग्य ड्रायव्हर उतरवून घेतला आणि मला बंद करून पुन्हा सुरू केलं. माझं डोकं हलकं झालं. विठाबाई पदर सावरून समोर बसल्या.

पडद्यावर यशराज आला.

"दादा, आईला दवाखान्यात आणलंय. पोटात लई दुखतंय. कवापास्नं दुखत हुतं, आमास्नी कुणालाच कळलं न्हाई."

त्याने मोबाइल खाटेकडे वळवला. चित्र आता पाण्यासारखं स्वच्छ वाहत होतं. पण हौसाबाईंच्या एका हाताला सलाइन होतं, आणि दुसरा हात उचलायचीही ताकद उरली नव्हती. विठाबाई हात हलवून हलवून विचारत होत्या. तिकडून फक्त दोन बोटं जराशी हलली. त्यांचा अर्थ विठाबाईंना लागला नाही.

त्या तशाच दवाखान्यात धावल्या. तिथेही हौसाबाईंचे हात उठले नाहीत; दोन दिवसांनी त्या गेल्या.

त्यानंतर दुपारी मला कुणी उघडेना. माझ्यावर धूळ साचली. ती भाषा पुरती जाणणारं आता जगात एकच माणूस उरलं होतं.

परवा सम्राटने मला पुसलं, पण सुरू केलं नाही. मला बाजूला सरकवून तो आईसमोर खुर्ची घेऊन बसला आणि त्याने हाताने काहीतरी विचारलं. खूण चुकली असावी. विठाबाईंनी त्याची बोटं हातात घेतली आणि एकेक करून नीट वळवली. बराच वेळ त्यांनी ती सोडली नाहीत.

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या, आम्ही अडखळलो तर वेळीच बघा. पण कुणी 'मला दिसत नाही' म्हणून तुमचा हात ओढला, तर आधी त्याच्या जागी जाऊन बसा. मी तर दुरुस्त झालो. त्या दोन बोटांनी हौसाबाईंना काय सांगायचं होतं, ते मात्र आता कुणालाच कळणार नाही.